‘बसत नाही’ म्हटलं म्हणून घरी परतायचं नाही
(रेडिओवरील भाषण)



मागच्या वेळी आपण दिव्यांग बायकांना मिळणाऱ्या पगाराविषयी बोललो होतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना असं त्याचं पूर्ण नाव. गावात आपण सगळ्या त्याला ‘संजय गांधीचा पगार’ म्हणतो. त्या भाषणानंतर गटागटांतून निरोप आले. अर्ज कसा करायचा हे फार थोड्या जणींनी विचारलं. बहुतेकींचं म्हणणं एकच होतं : “अर्ज केव्हाच केला होता हो ताई, पण तुमचं बसत नाही म्हणाले.”

म्हणून आज ‘बसत नाही’ या दोन शब्दांवरच बोलायचं ठरवलं आहे. ते कोण म्हणालं, कशावरून म्हणालं, आणि तसं म्हटल्यावर आपल्या हातात काय उरतं, हे पाहू. आम्ही गटाच्या बायका एका ताईच्या कामासाठी दीड वर्ष हिंडलो. त्यात जे शिकलो तेच सांगतो. तिचं नाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही.

या ताईचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. नवरा वारला, एक मुलगी लग्न होऊन सासरी. कोंबड्या राखायच्या, कुणाच्या ओट्यावर बसून शेंगा फोडायच्या, लसूण सोलायचा, अशा कामावर घर चालायचं. दाखल्यावर तिचं अपंगत्व ३० टक्के लिहिलेलं. तिने अर्ज केला आणि खिडकीवर उत्तर मिळालं, “चाळीसच्या आत आहे, बसत नाही.” तरी ती आठ महिने जातच राहिली. पुढच्या महिन्यात साहेब नवीन आले तर होईल, कुणी म्हटलं मोठ्या साहेबांना भेट, कुणी म्हटलं अमक्याला भेट. प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी गेली.

ती आमच्या बैठकीत रडली तेव्हा आम्ही पहिला प्रश्न केला, “नाही म्हणाले तो कागद कुठं आहे?” कागद नव्हताच. आठ महिन्यांत तिच्या हातात एकही कागद आला नव्हता.

आधी कागद मागा

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं. तोंडी नकारावर अपील करता येत नाही. अपील म्हणजे खालच्या अधिकाऱ्याचा निर्णय चुकला आहे असं वरच्या अधिकाऱ्याला सांगणं. पण निर्णयच कागदावर नसेल, तर वरच्याने तपासायचं काय? खिडकीवरच्या माणसाने ‘बसत नाही’ म्हणणं हा निर्णय नव्हे. कित्येकदा तर अर्ज समितीसमोर गेलेलाच नसतो, टेबलाच्या खणात पडून असतो.

या योजनेचे अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जातात. तहसीलदार त्या समितीचे सदस्य सचिव असतात. मंजूर असो की नामंजूर, समितीच्या सभेत ठरतं आणि इतिवृत्तात लिहिलं जातं. म्हणून आम्ही त्या ताईच्या नावाने एक साधं पत्र लिहिलं. ते वाचून दाखवतो, म्हणजे गटात कुणाला लिहून घ्यायचं असेल तर घेता येईल.

“मा. तहसीलदार साहेब यांस. मी अमुक, राहणार अमुक गाव. मी अमुक तारखेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज केला आहे. अर्जाची पोहोच सोबत जोडली आहे. माझा अर्ज नामंजूर झाल्याचे मला तोंडी सांगण्यात आले. तरी माझ्या अर्जावर निर्णय झाला आहे का, झाला असल्यास तारीख व कारण काय, आणि त्याविरुद्ध कोणाकडे व किती दिवसांत अपील करावे, हे मला लेखी कळवावे ही विनंती.”

बस, एवढंच. गरिबी, दुःख, नवरा वारला, हे काही त्यात लिहिलेलं नाही. पत्राच्या दोन प्रती काढायच्या. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. पोहोच देत नसतील तर पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवायचं आणि पावती पत्राच्या प्रतीलाच टाचून ठेवायची. त्या दिवसापासून तुमच्या बाजूने पुरावा सुरू होतो.

महिना झाला तरी उत्तर आलं नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकायचा. हा कायदा २००५ चा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही लागत नाही, पण तसा पुरावा जोडावा लागतो. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. ‘माझ्या अर्जावर ज्या सभेत निर्णय झाला त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत आणि माझ्या अर्जावरील शेऱ्यांची प्रत द्यावी’, इतकंच मागायचं. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. ‘माझा पगार का दिला नाही’ असं त्यात विचारायचं नाही. या कायद्याने कागदाची प्रत मिळते, जाब विचारता येत नाही.

आमच्या ताईला पत्राचं उत्तर पंधरवड्यात आलं. कारण एका ओळीचं होतं : अपंगत्वाचं प्रमाण ४० टक्क्यांपेक्षा कमी. आठ महिन्यांनी पहिल्यांदा लढायला काहीतरी हातात आलं.

चाळीस टक्के म्हणजे काय, आणि ते कोण ठरवतं

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे थोडेच प्रकार होते. आता २१ आहेत. हातपाय, डोळे, कान तर आहेतच. शिवाय मानसिक आजार, बौद्धिक दिव्यांगता, सिकल सेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, ॲसिड हल्ल्याने झालेली इजा हेही त्यात आहे. आपल्याकडे पुष्कळ बायकांना हे ठाऊक नसतं. ‘मला कुठं अपंगत्व आहे, मला तर रक्ताचा आजार आहे’ असं म्हणून त्या अर्जच करत नाहीत.

४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक योजनांचं दार उघडतं. टक्के तहसीलदार ठरवत नाही, ग्रामसेवकही नाही. ते ठरवतात सरकारी दवाखान्यातले नेमलेले डॉक्टर, ठरलेल्या मोजमापाने. सांधा किती वाकतो, स्नायूत किती ताकद आहे, कानाला किती मोठा आवाज लागतो, डोळ्याला कितवी ओळ दिसते, असं ते मोजमाप असतं. त्यामुळे तिथे ‘साहेब, फार गरीब आहे, टक्के वाढवा’ म्हणून काही होत नाही. आणि ‘वाढवून देतो’ म्हणणारा दलाल भेटला तर त्याच्यापासून दहा हात दूर राहा. खोटं सांगून दिव्यांगांचा लाभ घेतला तर याच कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. दलाल पळून जातो, नाव आपलं राहतं.

मग खऱ्या माणसाचे टक्के कमी का येतात? आम्हाला तीन कारणं दिसली.

पहिलं कारण, मोजायचं राहून जातं. आमच्या ताईचंच पाहा. दवाखान्यात रांगेत बसलो असताना तिचं नाव दोनदा पुकारलं, तिला ऐकू आलं नाही. आमच्यातलीने हात धरून उठवलं. परत येताना आम्ही विचारलं, “कधीपासून कमी ऐकू येतं?” म्हणाली, “झाली दहा-बारा वर्षं. पण कानाचं कोण विचारतंय, पगार तर पायाचा मागितलाय.” डॉक्टरांनी पाय पाहिला, कानाचं तिने सांगितलंच नाही, म्हणून कान कुणी तपासलाच नाही.

इथे एक हिशेब कळून घ्या. एका माणसाला दोन अपंगत्वं असतील तर ती एकत्र धरायची असतात. नुसती बेरीज होत नाही, त्याला सूत्र आहे. मोठा आकडा आधी घ्यायचा. ९० मधून तो वजा करायचा. जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणायचं आणि ९० ने भागायचं. येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. ताईचा पाय ३० टक्के, कानाची तपासणी झाल्यावर कान निघाला २० टक्के. ९० मधून ३० गेले, उरले ६०. ६० गुणिले २० म्हणजे १,२००. त्याला ९० ने भागलं की १३ च्या वर. ३० आणि १३ मिळून ४३. म्हणजे जी ताई आठ महिने ‘बसत नाही’ ऐकत होती, ती पहिल्या दिवसापासून बसत होती. फक्त तिचा कान कुणी मोजला नव्हता.

दुसरं कारण आपल्याच तोंडात असतं. डॉक्टर विचारतात, “चालता येतं का?” आपण म्हणतो, “हो, चालतंय की.” आयुष्यभर कुणाला भार व्हायचं नाही असं शिकवलेलं, ते तिथेही सुटत नाही. चालता येतं, पण किती? भिंत धरून की मोकळं? उकिडवं बसता येतं का? पाण्याची कळशी उचलता येते का? रात्री पाय दुखून उठावं लागतं का? आहे तेवढं सांगायचं. वाढवायचं नाही आणि झाकायचंही नाही. म्हातारीला किंवा बोलता न येणाऱ्या मुलीला नेत असाल, तर रोज जी तिचं करते तीच बाई सोबत न्या.

तिसरं कारण कागद. जुन्या ऑपरेशनचे, एक्सरेचे, औषधाचे कागद घरात ट्रंकेच्या तळाशी असतात आणि आपण मोकळ्या हाताने जातो. मानसिक आजाराच्या बाबतीत तर जुने उपचाराचे कागद फार महत्त्वाचे, कारण त्या दिवशी ती बाई शांत बसलेली असू शकते. शिवाय दाखल्याची मुदतही पाहा. काही दाखले कायमचे असतात, काही ठराविक वर्षांचे. मुदत संपली की पगारही अडतो. हाताने लिहिलेला जुना दाखला असेल तर दवाखान्यात विचारून ऑनलाइन, म्हणजे यूडीआयडीचा करून घ्या.

दाखला नाकारला किंवा टक्के पटले नाहीत तर

कायद्याचं कलम ५८ सांगतं की तपासणीनंतर डॉक्टरांनी दाखला द्यायचा, किंवा अपंगत्व नाही असं लेखी कळवायचं. नकार कळवण्याचाही ठरलेला नमुना आहे. म्हणजे इथेही तोंडी ‘नाही’ चालत नाही. आणि कलम ५९ सांगतं की त्या निर्णयाने ज्याचं समाधान झालं नाही त्याला अपील करता येतं. अपील कोणाकडे आणि किती दिवसांत, हे राज्य सरकार ठरवतं. त्यामुळे दाखला हातात पडला त्याच दिवशी जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयात लेखी विचारा, ‘अपिलीय प्राधिकारी कोण आणि मुदत किती?’ उद्या विचारू म्हणत बसू नका.

पण काहीतरी मोजायचंच राहिलं असेल, तर अपिलाच्या आधी साधा रस्ताही आहे. आम्ही तोच धरला. ज्या दवाखान्याने दाखला दिला तिथेच अर्ज दिला : ‘माझ्या पायाची तपासणी झाली, कानाची झालेली नाही. कानाची तपासणी करून दोन्ही मिळून दाखला द्यावा.’ पहिल्या तारखेला कान तपासायचं यंत्र बंद. दुसऱ्या तारखेला डॉक्टर रजेवर. तिसऱ्या तारखेला काम झालं. तीन खेपांत ताई दोनदा म्हणाली, “सोडा ताई, माझ्यापायी तुमचेही दिवस जातात.” आम्ही एकच केलं, प्रत्येक खेपेला आळीपाळीने एक बाई सोबत दिली आणि भाडं गटाच्या बचतीतून दिलं. तेवढ्यावर ती टिकली.

४३ टक्क्यांचा दाखला आला. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो.

दुसरा नकार : उत्पन्न

नवा अर्ज गेला आणि पुन्हा नकार. या वेळी कारण उत्पन्नाचं. या योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे. ताईच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर ७२ हजार लिहून आलेले. लसूण सोलणाऱ्या बाईचे ७२ हजार कसे? शोधलं तेव्हा कळलं. सातबारा सासऱ्यांपासून सामायिक, त्यावर ताईचं आणि दोन दिरांचं नाव. दीर वेगळे राहतात, वेगळं खातात, जमीन तेच कसतात. पण चौकशीत साऱ्या जमिनीचं उत्पन्न ताईच्या नावावर धरलं गेलं.

ही गोष्ट आपल्या पुष्कळ विधवा बहिणींची आहे. सातबाऱ्यावर नाव असतं, पण घरात दाणा येत नाही. कागदावर ती जमीनदार दिसते.

इथे दुसरा कायदा कामी आला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ सालचा. यात सरकारने जाहीर केलेल्या सेवा ठरलेल्या दिवसांत द्याव्या लागतात. उत्पन्नाचा, रहिवासाचा असे दाखले त्यात येतात. सगळ्या योजना त्यात येतातच असं धरून चालू नका. कार्यालयात फलक लावलेला असतो. त्यावर सेवेचं नाव, किती दिवस, देणारा अधिकारी कोण, पहिलं अपील कोणाकडे, दुसरं कोणाकडे, हे लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी गेलात की खिडकीवर जाण्याआधी तो फलक वाचा. ज्या बहिणीला वाचता येत नाही तिने सोबतच्या मुलीकडून फोटो काढून घ्यावा.

या कायद्यात नकार दिला तर कारण लेखी द्यावं लागतं. पहिलं अपील ३० दिवसांत करायचं. उशीर झाला आणि कारण खरं असेल, तर ९० दिवसांपर्यंत अपील घेता येतं. पण उशिराचं कारण वेगळं लिहून द्यावं लागतं. त्यानंतर दुसरं अपील, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरं. कारण नसताना सेवा अडवली तर अधिकाऱ्याला ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अपिलाचा कागद कसा लिहायचा

अपील म्हटलं की आपल्याला काळा कोट आठवतो. पण या पायऱ्यांवर वकील लागतोच असं नाही. कागदात पाच गोष्टी हव्यात.

एक, मी कोण आणि कशासाठी अर्ज केला होता. दोन, कोणत्या तारखेच्या कोणत्या निर्णयाविरुद्ध हे अपील आहे. तीन, नकाराचं कारण, त्यांच्याच शब्दांत. चार, ते कारण का चूक आहे. पाच, मला नेमकं काय हवं.

चौथ्या गोष्टीवर सारा जोर द्यायचा आणि प्रत्येक वाक्यामागे एक कागद लावायचा. आम्ही ताईसाठी असं लिहिलं : ‘सातबारा सामायिक आहे (प्रत जोडली). माझं रेशनकार्ड २०११ पासून वेगळं आहे (प्रत जोडली). मी वेगळी राहते व जमीन दीर कसतात याबद्दल दोन्ही दिरांचं आणि शेजारच्या दोघांचं लेखी म्हणणं जोडलं आहे. तरी सामायिक जमिनीचं सारं उत्पन्न माझं धरू नये आणि उत्पन्नाचा दाखला दुरुस्त करून द्यावा.’ नकार ज्या कारणाने दिला त्यालाच उत्तर. टक्क्यांचा, विधवापणाचा विषय त्यात काढलाच नाही, कारण त्यावर भांडण नव्हतं.

दिरांची सही मिळवणं मात्र सगळ्यात अवघड गेलं. त्यांना वाटलं, ही सही घेऊन उद्या वाटणी मागेल. तीन वेळा बसून सांगावं लागलं की हा कागद उत्पन्नापुरताच आहे. मैत्रिणींनो, सही करून देताना आणि घेताना हे कागदावरही स्पष्ट लिहा. ‘जमिनीवरील माझा हक्क कायम आहे’ हे वाक्य आम्ही आवर्जून घातलं. पगारासाठी जमीन सोडली असं कुणी पुढे म्हणू नये.

सुनावणीला बोलावलं तेव्हा ताई घाबरली होती. आम्ही आदल्या दिवशी गटात तिची तालीम घेतली. एकीने साहेब व्हायचं, प्रश्न विचारायचे. कमी ऐकू येतं म्हणून तिने आधीच सांगायचं, ‘साहेब, मला मोठ्याने सांगा, नाहीतर माझ्या सोबतच्या बाईला सांगा.’ ते मागायला लाजायचं नाही. साहेबांनी कागद पाहिले, दोन प्रश्न विचारले. दहा मिनिटांत झालं. उत्पन्नाचा दाखला दुरुस्त झाला आणि पुढच्या समितीत अर्ज मंजूर झाला.

इथेही नाही झालं तर

समितीचा निर्णय पटला नाही आणि अपील कोणाकडे हे कुणी सांगत नसेल, तर तहसीलदारांच्या वर उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो ते, आणि त्यांच्या वर जिल्हाधिकारी असतात. त्यांना लेखी द्या आणि तहसीलला दिलेल्या पत्रांच्या प्रती जोडा.

दिव्यांगांच्या तक्रारींसाठी राज्याचे आयुक्त आहेत, त्यांचं कार्यालय पुण्याला आहे. साध्या अर्जावर तक्रार करता येते. तक्रारीच्या चौकशीत माणसांना आणि कागदांना हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत. त्यांनी एखाद्या कार्यालयाला शिफारस केली तर काय केलं ते त्या कार्यालयाने तीन महिन्यांत कळवायचं असतं.

आणि वकील लागलाच, तर तो फुकट मिळतो. हे आमच्या गटातल्या निम्म्या बायकांनाही माहीत नव्हतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्यात स्त्रीला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. दिव्यांग व्यक्तीलाही मिळते. म्हणजे दिव्यांग बाईचा हक्क दोन्हीकडून. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा कोर्टात जिल्हा प्राधिकरण. वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग यातलं काही द्यावं लागत नाही. कोणी पैसे मागितले तर तिथेच तक्रार करा. फोनवर विचारायचं तर १५१०० हा क्रमांक आहे. प्रकरण हायकोर्टापर्यंत न्यायचं म्हटलं तरी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे न्यायपीठं आहेत आणि २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे. तिथेही मोफत वकिलाची सोय असते.

खरं तेही सांगतो

सगळ्यांचं काम झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. आमच्याच गटातल्या दुसऱ्या एकीचा अर्ज नामंजूर झाला, आम्ही अपील केलं आणि हरलो. तिचं उत्पन्न खरोखरच मर्यादेच्या वर होतं. आम्ही आधी नीट हिशेब केला असता तर तिचे चार महिने वाचले असते. तेव्हापासून नियम केला, नकाराचं कारण खरं आहे की चूक, हे आधी आपणच तपासायचं. कारण खरं असेल तर दुसरी योजना शोधायची.

आमच्या ताईलाही पगार मंजुरीपासून मिळायला लागला. मागच्या दीड वर्षाचे पैसे मिळाले नाहीत. म्हणून म्हणतो, उशीर महाग पडतो. दरमहा १,५०० रुपये होते. २०२५ साली मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी ते २,५०० करण्याचा निर्णय घेतला. कायद्याच्या कलम २४ मध्येच लिहिलेलं आहे की दिव्यांगांना मिळणारी मदत तशाच इतर योजनांपेक्षा निदान २५ टक्के जास्त असावी. ही कुणाची मेहेरबानी नाही.

पगार सुरू झाल्यावरही लक्ष ठेवा. हयातीचा दाखला दरवर्षी वेळेवर द्या. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का पाहा. आधारवर आणि दिव्यांगाच्या दाखल्यावर नाव एकसारखं हवं. एकावर माहेरचं, एकावर सासरचं, यावरूनही पैसे अडतात. पैसे थांबले तर पहिलं काम तेच : का थांबले ते लेखी मागा.

गटाने काय करायचं

येत्या बैठकीत तीन गोष्टी करा. गावात किती दिव्यांग बायका आणि मुली आहेत, त्यांतल्या कुणाचा अर्ज अडलाय, त्याची यादी करा. घराबाहेर न पडणाऱ्यांची आधी. प्रत्येकीसाठी एक वही करा. तारीख, कुठे गेलो, कोण भेटलं, काय म्हणालं, पोहोच क्रमांक, सगळं त्यात. आणि गटातल्या दोघींनी हे काम अंगावर घ्या, लिहिता येणारी एक आणि बोलता येणारी एक.

आमची ती ताई आता अशाच एका जोडीत आहे. तिला लिहिता येत नाही. पण दुसऱ्या एखादीला खिडकीवर ‘बसत नाही’ म्हटलं की ती काठी टेकत पुढे होते आणि म्हणते, “लिहून द्या साहेब. मला कमी ऐकू येतं.”

तुमच्या गावातला एखादा नकाराचा कागद तुमच्यापाशी असेल, तर त्याची प्रत आमच्याकडे पाठवा, मूळ कागद पाठवू नका. पुढच्या भाषणात आपण तो मिळून वाचू. नमस्कार.